देशभराच्या जंगलांचा आणि परिसंस्थांचा नकाशा कसा करावा

माझ्या पहिल्या देशव्यापी नकाशात पाचरीच्या आकाराचा एक गडद हिरवा तुकडा होता. प्रतिमेत तो इतका दाट आणि एकसारखा दिसत होता की मी त्याला न थांबता 'घनदाट सदाहरित जंगल' हा वर्ग दिला. चार महिन्यांनी पडताळणीसाठी आम्ही तिथे पोहोचलो. सोबतचा वनरक्षक गाडीतून उतरला, दोन झाडांमधलं अंतर पावलांनी मोजलं आणि म्हणाला, "मॅडम, हे रान नाही. लावलंय हे. ओळी बघा ना." रबर होतं ते. प्रत्येक खोडावर तिरक्या चिरा, चिरांखाली बांधलेल्या वाट्या, आणि जमिनीवर पाचोळ्याखेरीज जवळजवळ काही नाही.

आता यातली खरी अडचण सांगते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या, म्हणजे एफएओच्या व्याख्येनुसार रबराची लागवड 'वन' या सदरातच मोडते. तेलताडाची मात्र मोडत नाही. त्यामुळे माझा तुकडा 'वनक्षेत्र' म्हणून बरोबर होता आणि 'सदाहरित जंगल' म्हणून साफ चूक. उपग्रहाने मला फसवलं नव्हतं. मी कोणता नकाशा करते आहे हेच मी आधी ठरवलं नव्हतं. म्हणून देशाच्या नकाशाचं काम हाती घेणाऱ्या प्रत्येकाला मी पहिले तीन आठवडे संगणक उघडू देत नाही.

आधी व्याख्या, मग प्रतिमा

तीन शब्द वेगळे ठेवा. भूआच्छादन म्हणजे जमिनीवर प्रत्यक्ष काय आहे: झाडं, गवत, पाणी, खडक, काँक्रीट. भूवापर म्हणजे माणूस त्या जमिनीचं काय करतो. परिसंस्था म्हणजे तिथली जीवसृष्टी, हवामान, माती, पाणी आणि त्यांचे आपसातले व्यवहार. उपग्रहाला यातलं फक्त पहिलं दिसतं. दुसरं आणि तिसरं तुम्हाला इतर पुराव्यांवरून काढावं लागतं.

एफएओची 'वन' ही संकल्पना प्रामुख्याने भूवापराची आहे. किमान ०.५ हेक्टर क्षेत्र, ५ मीटरपेक्षा उंच झाडं, १० टक्क्यांहून अधिक छत्र (म्हणजे वरून पाहता फांद्या-पानांनी झाकलेली जमीन), आणि जमीन मुख्यतः शेती किंवा वस्तीच्या वापराखाली नसावी. नियोजनानुसार तोडलेलं आणि पुन्हा वाढणार असलेलं जंगलही तात्पुरतं उघडं असताना वनच मानलं जातं. प्रतिमेत मात्र तिथे उघडी माती दिसते. भारताच्या वनसर्वेक्षणाची व्याख्या वेगळी आहे: किमान १ हेक्टर, १० टक्के किंवा अधिक छत्र, मालकी आणि कायदेशीर दर्जा काहीही असो. म्हणजे त्यात फळबागा, बांबू आणि ताडही येतात. मेरिलँड विद्यापीठाच्या गटाने २०१३ मध्ये जगभराचा ३० मीटरचा वृक्षाच्छादन नकाशा प्रसिद्ध केला. त्यात ५ मीटरपेक्षा उंच वाढलेली कोणतीही वनस्पती 'झाड' होती आणि लागवडीची तोडही 'घट' म्हणून मोजली गेली. एकाच देशासाठी हे तीन मापदंड लावले तर तीन वेगळे आकडे येतील आणि तिन्ही आपापल्या जागी बरोबर असतील.

तेव्हा एका कागदावर लिहून काढा: हा नकाशा कोण वापरणार आणि कोणता निर्णय घ्यायला? कार्बनचा हिशोब, वणव्याचं नियोजन, अधिवासांचं संरक्षण की परिसंस्थांचे लेखे? कार्बनवाल्यांना उंची आणि घनता लागते. अधिवासवाल्यांना रबर आणि जंगल वेगळं हवं असतं. सगळ्यांना पुरेल असा एकच नकाशा करण्याचा हट्ट धरला की वर्ग इतके ढोबळ होतात की कुणालाच पुरत नाहीत.

त्याच कागदावर लघुतम तुकडाही ठरवा, म्हणजे याहून लहान क्षेत्र नकाशात स्वतंत्र दाखवायचं नाही अशी मर्यादा. ०.५ हेक्टर म्हणजे १० मीटर बाजूचे ५० पिक्सेल (प्रतिमेतले सर्वांत लहान चौकोन), पण ३० मीटरचे जेमतेम साडेपाच. युरोपच्या कोरीन नकाशात ही मर्यादा २५ हेक्टर आहे आणि रेषेसारख्या आकारांना किमान १०० मीटर रुंदी लागते. याच पद्धतीने काम केलं तर ओढ्याकाठची ४० मीटर रुंदीची झाडीची पट्टी नकाशातून नाहीशी होते. कोरड्या मुलखात बहुतेक पाखरं आणि लहान प्राणी नेमके त्याच पट्टीच्या आधाराने जगतात. ती पट्टी तुम्हाला हवी असेल तर आत्ताच ठरवा, नंतर ती परत मिळत नाही.

वर्गांची यादी

वर्गांची यादी, म्हणजे लेजंड, उतरंडीची असावी. वरच्या पातळीवर सहा-सात वर्ग, खाली त्यांचे पोटवर्ग. खालच्या पातळीवर शंका आली तर एक पायरी वर थांबता यायला हवं. 'पानगळीचं की निमसदाहरित' हे ठरत नसेल तर 'नैसर्गिक वन' एवढं लिहून पुढे जाता येतं. सपाट यादीत ही सोय नसते, आणि माणूस कंटाळून अंदाज लिहून मोकळा होतो.

प्रत्येक वर्गाची व्याख्या मोजता येईल अशी लिहा. 'विरळ जंगल' पुरत नाही. 'छत्र १० ते ४० टक्के, उंची ५ मीटरपेक्षा अधिक' असं हवं. सीमेवरच्या प्रकरणांची उत्तरंही लिहून ठेवा. गवतात विखुरलेली झाडं आठ टक्के असतील तर काय? पुरात सहा महिने बुडणारं रान पाणथळ की वन? दोन माणसांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून एकच शंभर ठिकाणं ओळखायला द्या. ऐंशीपेक्षा कमी ठिकाणी एकमत झालं तर दोष बहुतेक वेळा त्या दोघांचा नसतो, यादीचा असतो. मी ही चाचणी यादी पक्की करण्यापूर्वी किमान दोनदा घेते, आणि प्रत्येक वेळी एखादा वर्ग मोडून पुन्हा बांधावा लागतो.

दोन गोष्टींबद्दल मी फार आग्रही आहे.

पहिली म्हणजे माळरानं, सॅव्हाना (विखुरलेल्या झाडांचे गवताळ प्रदेश), झुडपी प्रदेश यांना 'निकृष्ट', 'पडीक' किंवा 'ओसाड' अशा नावाखाली टाकू नका. ब्राझीलचा सेराडो पाहा. वरून विरळ आणि पिवळट दिसणारा हा प्रदेश वनस्पतींच्या विविधतेत जगातल्या सर्वांत संपन्न सॅव्हानांपैकी आहे, आणि तिथल्या वनस्पतींचा मोठा भाग जमिनीखाली, खोल मुळांत असतो. झाडं कमी म्हणजे जंगल बिघडलं, हा समज एकदा यादीत शिरला की तो नकाशात येतो आणि नकाशातून योजनेत जातो. मग जिथे कधीच दाट रान नव्हतं तिथे खड्डे खणून रोपं लावली जातात. एका देशाच्या नकाशातला 'खुरटं, निकृष्ट' हा वर्ग लागवडीसाठी उपलब्ध जमीन म्हणून वापरला गेल्याचं मी स्वतः पाहिलं आहे. त्या वर्गाचं नाव ठरवलं त्या बैठकीत मी होते आणि गप्प बसले होते.

दुसरी गोष्ट अशी की प्रकार आणि अवस्था एका यादीत मिसळू नका. 'सदाहरित जंगल' हा प्रकार आहे, 'ऱ्हास झालेलं' ही अवस्था आहे. अवस्थेचा स्वतंत्र थर करा. तसं केलं नाही तर वणव्यानंतर जंगलाचा प्रकारच बदलला असं तुमचा नकाशा सांगेल.

प्रतिमांची निवड

इथे मी फार रेंगाळणार नाही, कारण आज सामग्री मुबलक आहे. लँडसॅट मालिकेतला पहिला उपग्रह १९७२ चा. २००८ पासून तिचा साठा सर्वांना मोफत आहे, आणि देशाचा तीस-चाळीस वर्षांचा इतिहास हवा असेल तर तिला पर्याय नाही. फक्त लक्षात ठेवा की मे २००३ मध्ये लँडसॅट ७ च्या उपकरणात बिघाड झाला आणि त्यानंतरच्या तिच्या प्रत्येक प्रतिमेत सुमारे २२ टक्के भाग पट्ट्यांनी कोरा असतो. जुन्या वर्षांच्या नकाशात तिरके पट्टे दिसले तर कारण हेच. चालू काळासाठी सेंटिनेल-२ घ्या: २०१५ पासूनची सामग्री, प्रकाशाच्या वेगवेगळ्या तरंगलांब्यांचे १३ पट्टे, त्यातले चार १० मीटरचे, आणि दोन उपग्रह मिळून विषुववृत्तावरही पाच दिवसांनी फेरी.

एकाच दिवसाच्या सुंदर प्रतिमेच्या प्रेमात पडू नका. पानगळीचं जंगल कोरड्या ऋतूत उघड्या जमिनीसारखं दिसतं आणि पावसानंतर सदाहरितासारखं. त्याची खूण एका क्षणात नसते, ती वर्षभराच्या चढउतारात असते. म्हणून वर्षातल्या सगळ्या ढगविरहित पिक्सेलांमधून किमान दोन संकलित प्रतिमा करा, एक भर पालवीची आणि एक निष्पर्ण काळाची. शक्य असेल तर प्रत्येक पिक्सेलसाठी हरितनिर्देशांकाचा, म्हणजे एनडीव्हीआयचा, दहावा आणि नव्वदावा शतमान, म्हणजे वर्षातल्या जवळजवळ सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त मूल्य, काढा. या दोहोंतलं अंतर मोठं तर पानगळ किंवा शेती, लहान आणि मूल्य उंच तर सदाहरित. मला विचाराल तर अर्धं वर्गीकरण इथेच होतं. दाट छत्रावर एनडीव्हीआय एका पातळीनंतर वाढेनासा होतो, त्यामुळे घनदाट आणि अतिघनदाट वेगळं करायला त्याच्या भरवशावर राहू नका. तिथे लघुतरंग अवरक्त पट्टे आणि तांबड्याच्या काठावरचे पट्टे कामी येतात.

ढग गाळण्याचा मुखवटा लावला तरी ढगांच्या सावल्या, विरळ धुकं आणि धूर मागे राहतो. तो डोळ्यांनी तपासा. बारमाही ढगाळ प्रदेशांसाठी रडार लागतं. सेंटिनेल-१ ची लहर ५.६ सेंटिमीटरची, ती पानांवर आणि बारीक फांद्यांवरच परावर्तित होते. जपानच्या पाल्सार रडारची सुमारे २४ सेंटिमीटरची लहर छत्रात खोल शिरून मोठ्या फांद्या आणि खोडांपर्यंत पोहोचते, म्हणून लागवड, विरळ झाडी आणि जंगल यांतला फरक तिच्यात अधिक स्पष्ट दिसतो. ३० जुलै २०२५ रोजी इस्रो आणि नासाचा निसार उपग्रह झेपावला. त्याच्यावर लांब लहरींचे दोन रडार आहेत, आणि दाट जंगलांच्या कामासाठी माझी त्याच्याकडून मोठी अपेक्षा आहे. उंचीसाठी अवकाशस्थानकावरच्या गेडी लेझरची मोजमापं वापरा. तिचा प्रत्येक ठसा सुमारे २५ मीटर व्यासाचा आणि सुटा असतो, सलग नकाशा मिळत नाही, आणि ५१.६ अंश उत्तर-दक्षिणेच्या पलीकडे तो काही मोजत नाही.

डोंगराळ भागात आणखी एक सापळा आहे. लँडसॅट आणि सेंटिनेल-२ स्थानिक वेळेनुसार सकाळी दहा-साडेदहाच्या सुमारास माथ्यावरून जातात. उत्तर गोलार्धात कर्कवृत्ताच्या वर तेव्हा सूर्य आग्नेयेला असतो, म्हणून वायव्येकडचे उतार काळवंडतात आणि तिथलं साधं रान 'घनदाट' किंवा चक्क 'पाणी' ठरतं. उंचीच्या प्रारूपाने उजेडाची दुरुस्ती करा आणि मग प्रत्येक दिशेच्या उतारांवर जंगलाचं प्रमाण मोजून पाहा. वायव्य उतारांवर ते कारणाशिवाय वाढलेलं दिसलं तर दुरुस्ती अपुरी आहे.

नमुने आणि वर्गीकरण

संगणकाला उदाहरणं द्यावी लागतात: हा पिक्सेल खारफुटी, हा ऊस, हा माळ. पद्धत कोणती घ्यावी यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. लिओ ब्रायमनने २००१ मध्ये मांडलेलं रँडम फॉरेस्ट, म्हणजे अनेक निर्णयवृक्षांच्या बहुमताने वर्ग ठरवणारी संगणकीय पद्धत, बहुतेक देशव्यापी कामाला पुरून उरतं. ते घ्या आणि वाचलेला वेळ नमुन्यांवर घालवा.

नमुने देशभर पसरलेले हवेत. रस्त्याकडेची, ओळखीची, सोपी ठिकाणं आपसूक जास्त येतात, म्हणून मी देशावर चौकटी आखते आणि कोणत्या चौकटीत एकही नमुना नाही हे रोज भिंतीवर लावते. वर्गाच्या मध्यभागाबरोबर काठावरचे नमुनेही घ्या, कारण गोंधळ काठावरच होतो. दुर्मीळ वर्गांना मुद्दाम जास्त नमुने द्या, पण इतके नाही की नकाशात ते सगळीकडे उगवतील.

देश मोठा असेल तर हवामानानुसार विभाग पाडून प्रत्येक विभागाचं वर्गीकरण वेगळं करा. कोरड्या पठारावरचं 'विरळ जंगल' आणि पावसाळी किनाऱ्यावरचं 'विरळ जंगल' प्रतिमेत एकमेकांसारखी दिसत नाहीत. विभाग एकमेकांवर वीस-तीस किलोमीटर चढू द्या, नाहीतर जोडावर सुरीने कापल्यासारखी रेघ दिसते. अशीच सरळ रेघ मला एकदा विभागाच्या मध्यातही दिसली होती. कारण शोधताना कळलं की माहितीत अक्षांश-रेखांश घातले गेले होते आणि वर्गीकरणाचं प्रारूप (मॉडेल) वनस्पती ओळखण्याऐवजी जागाच पाठ करून बसलं होतं. उंची, उतार, पाऊस जरूर घाला. स्थानाचे आकडे घालू नका.

पहिला निकाल आला की तो कच्चा मसुदा समजा. माझ्या कामात तीन-चार फेऱ्या ठरलेल्या असतात: नकाशा बघायचा, चुकांचे पुंजके शोधायचे, तिथले नमुने वाढवायचे, पुन्हा चालवायचं. ठिपक्याठिपक्यांचा कचरा गाळताना शेजारच्या बहुसंख्य पिक्सेलांचा रंग देणारी चाळणी डोळे मिटून लावू नका. ती सगळ्यात आधी ओढ्याकाठची पट्टीच खाते.

पायी

क्षेत्रभेटीला कुठे जायचं हे नकाशाच सांगतो: जिथे प्रारूपाची खात्री सर्वांत कमी आहे तिथे. प्रारूपाला पन्नास-पन्नास टक्के वाटतं अशा जागांची यादी काढा आणि पोहोचता येतील अशा निवडा.

प्रत्येक ठिकाणी चार दिशांचे चार आणि वर छत्राचा एक असे पाच फोटो. जीपीएसचा बिंदू तुम्ही उभ्या आहात त्या जागेचा असतो, बघता त्या जागेचा नव्हे. म्हणून तुकड्याच्या आत किमान ५० मीटर शिरून नोंद करा, किंवा दिशा आणि अंतर लिहा. छत्राची टक्केवारी, उंची, प्रमुख तीन झाडं, खालच्या थरात काय आहे, चराई, तोड, जळल्याच्या खुणा. तारीखही हवी, कारण प्रतिमा आणि भेट यांत दोन वर्षांचं अंतर पडलं तर मधल्या काळात तिथे जेसीबी फिरून गेलेला असू शकतो.

आणि तिथल्या माणसांशी बोला. गुराखी, मध गोळा करणारे, वनरक्षक. मी त्यांना 'हे कोणत्या प्रकारचं जंगल आहे' असं विचारत नाही. पाणी कधी आटतं, पानं कधी झडतात, शेवटची आग कधी लागली, तुमच्या लहानपणी इथे काय होतं, असं विचारते. एका म्हाताऱ्या बाईने मला एक संपूर्ण टेकडी तिच्या आयुष्यात तीनदा फिरती शेती होऊन तीनदा पुन्हा रान झालेली दाखवली. माझ्या नकाशात ती टेकडी 'मूळ जंगल' होती. त्यानंतर लँडसॅटचे जुने थर उलगडले तेव्हा तिने सांगितलेल्या तीनपैकी दोन फेऱ्या प्रतिमांत स्पष्ट दिसल्या. तिसरी उपग्रहांच्या आधीची होती.

आच्छादनापासून परिसंस्थेकडे

आता हातात भूआच्छादनाचा नकाशा आहे. परिसंस्था काढायच्या तर त्यावर हवामान, उंची, खडक, माती आणि पाण्याचे थर चढवावे लागतात. समुद्रसपाटीला वाळूवरचं सदाहरित रान आणि दोन हजार मीटरवर धुक्यात भिजणारं सदाहरित रान आच्छादन म्हणून एक, परिसंस्था म्हणून दोन. कोलंबियाने हे काम नीट केलं. कोरीनची वर्गवारी आपल्या देशासाठी बदलून घेतली आणि आच्छादनाला हवामान व भूरूप-मातीच्या थरांशी जोडून राष्ट्रीय परिसंस्था-नकाशा बांधला. दक्षिण आफ्रिकेची वाट वेगळी आहे. तिथल्या वनस्पती-नकाशात, ज्याची मोठी आवृत्ती २००६ मध्ये आली, माणसाने बदल करण्यापूर्वी कुठे काय असतं त्याची व्याप्ती दाखवली आहे. त्यावर आजचं आच्छादन ठेवलं की कोणत्या परिसंस्थेचा किती हिस्सा उरला हे लगेच निघतं. संरक्षणासाठी नकाशा हवा असेल तर मी हीच वाट सुचवीन. नुसता आजचा नकाशा आधीच नाहीशा झालेल्या गोष्टींबद्दल काही बोलत नाही.

थर चढवताना सीमा जुळत नाहीत हे ठरलेलं. मातीचा नकाशा १:५,००,००० चा आणि आच्छादन १० मीटरचं, तर मधे हजारो बारीक चिंधोट्या तयार होतात. त्यांना परिसंस्था समजू नका. मी आच्छादनाची सीमा प्रमाण मानते आणि मातीला फक्त 'या तुकड्यात बहुतांश कोणती' एवढंच विचारते.

नावं देताना आययूसीएनच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या, जागतिक परिसंस्था वर्गवारीशी दुवा ठेवा. तिच्या सहा पातळ्या आहेत. वरच्या तीन परिसंस्थेच्या कार्यावर आधारलेल्या, खालच्या तीन तिथल्या प्रजातींच्या रचनेवर. देशाने आपले प्रकार खालच्या पातळ्यांवर स्वतःच्या नावांनी ठेवावेत आणि प्रत्येकाला तिसऱ्या पातळीवरच्या गटाशी जोडावं. मार्च २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने परिसंस्था-लेख्यांची चौकट स्वीकारली. सुरुवातीची व्याप्ती, भर, घट, अखेरची व्याप्ती असा तिचा ताळेबंद असतो. दुवा आधी ठेवला असेल तर तो भरायला वर्ष वाया जात नाही.

चूक मोजणं आणि क्षेत्रफळ सांगणं

हा भाग सर्वाधिक टाळला जातो, म्हणून मी इथे सर्वाधिक वेळ देते.

पिक्सेल मोजून क्षेत्रफळ जाहीर करू नका. मोजायच्या आधी प्रक्षेपण, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडण्याची रीत, समक्षेत्र (क्षेत्रफळाचं प्रमाण राखणारं) आहे याची खात्री करा. वेब मर्केटरमध्ये, म्हणजे बहुतेक ऑनलाइन नकाशांच्या प्रक्षेपणात, २० अक्षांशावर क्षेत्रफळ सुमारे १३ टक्के फुगतं आणि ६० अक्षांशावर चौपट होतं. पण प्रक्षेपण सुधारलं तरी नकाशातल्या चुका उरतात, आणि त्या दोन्ही बाजूंनी समान असतात असं मुळीच नाही.

उपाय स्वतंत्र पडताळणी-बिंदूंचा. हे बिंदू प्रशिक्षणाच्या नमुन्यांतून घ्यायचे नाहीत आणि सोयीने निवडायचे नाहीत. नकाशाच्या प्रत्येक वर्गातून यादृच्छिक काढायचे. ओळखणाऱ्याला नकाशाने काय म्हटलं आहे ते दिसता कामा नये. प्रत्येक बिंदू दोघांनी स्वतंत्र पाहावा आणि मतभेद तिसऱ्याने सोडवावा.

उदाहरण घेऊ. देश १,००,००० चौरस किलोमीटरचा. नकाशा म्हणतो वन ३०,०००, वनेतर ७०,०००. वनातून २०० बिंदू तपासले, १८० खरे निघाले. वनेतरातून ४०० तपासले, त्यातले ३२ प्रत्यक्षात वन निघाले. मग वनाचं क्षेत्र असं काढा: ३०,००० चे ९० टक्के म्हणजे २७,०००, आणि ७०,००० चे ८ टक्के म्हणजे ५,६००. एकूण ३२,६०० चौरस किलोमीटर. या नमुन्याची ९५ टक्के विश्वास मर्यादा अधिक-उणे सुमारे २,२५० येते. नकाशाची एकूण अचूकता ९१.४ टक्के, दिसायला उत्तम. तरी पिक्सेल मोजले असते तर २,६०० चौरस किलोमीटर वन हिशोबातून गळलं असतं. वनेतरातला एकेक चुकलेला बिंदू इथे १७५ चौरस किलोमीटरचं वजन घेऊन येतो, म्हणून मोठ्या वर्गातले बिंदू कधी कमी करू नका. 'तिथे काय, सगळं शेतच आहे' असं म्हणून मी एकदा ते कमी केले होते आणि अंदाजाची मर्यादा इतकी रुंदावली की अहवालातला आकडा निरर्थक झाला.

एकूण अचूकतेचा एकच आकडा छापून थांबू नका. प्रत्येक वर्गासाठी दोन प्रश्नांची उत्तरं द्या. नकाशात 'वन' लिहिलंय तिथे खरंच वन किती वेळा असतं? वरच्या उदाहरणात ९० टक्के. आणि जमिनीवर जे वन आहे त्यातलं किती नकाशात आलं? २७,००० भागिले ३२,६००, म्हणजे सुमारे ८३ टक्के. वनहक्काचा दावा करणाऱ्या माणसासाठी दुसरा आकडा महत्त्वाचा, कारण त्याचं रान नकाशात नसेल तर ते सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर पडतो.

पुढची आवृत्ती

पाच वर्षांनी नवा नकाशा होईल तेव्हा जुन्यातून नवा वजा करून बदल काढण्याचा मोह टाळा. दोन्ही ९० टक्के अचूक असतील आणि चुका एकमेकींशी निगडित नसतील तर दोन्ही नकाशांत बरोबर असलेले पिक्सेल ८१ टक्केच उरतात. खरा बदल मात्र अनेकदा एक-दोन टक्क्यांचा असतो. तो त्या एकोणीस टक्क्यांत बुडून जातो. बदल थेट प्रतिमांच्या कालमालिकेतून ओळखा. त्यासाठी लँडट्रेंडर आणि सीसीडीसी या पद्धती चांगल्या आहेत. बदललेल्या जागांचा वेगळा स्तर करून त्यात पडताळणी-बिंदू टाका. ब्राझीलचा प्रोडेस प्रकल्प १९८८ पासून ॲमेझॉनमधली तोड मोजतो, आणि त्याचे आकडे वर्षानुवर्षं तुलना करण्याजोगे राहिले ते व्याख्या आणि ६.२५ हेक्टरची लघुतम मर्यादा सांभाळल्यामुळे. व्याख्या सुधारायचीच असेल तर एका वर्षासाठी जुन्या आणि नव्या दोन्ही व्याख्यांनी नकाशा करा, म्हणजे दुवा तुटत नाही.

नकाशा हस्तांतरित करताना रंगीत चित्राबरोबर एवढं द्या: वर्गांच्या व्याख्या, सीमाप्रकरणांची वही, वापरलेल्या प्रतिमांच्या तारखा, प्रशिक्षणाचे नमुने, संगणकीय आज्ञावली, प्रत्येक पिक्सेलच्या खात्रीचा थर, आणि क्षेत्रभेटीचे फोटो बिंदूंसकट. पडताळणी-बिंदू स्वतंत्र कुलूपबंद ठेवा, नाहीतर पुढच्या फेरीत कुणीतरी ते प्रशिक्षणात वापरून टाकतं. त्यांच्या तक्त्यात एक रकाना 'चूक का झाली' या नावाचा असू द्या. माझ्या तक्त्यात पाचरीच्या आकाराच्या त्या तुकड्यासमोर लिहिलं आहे: 'रबर, वय अंदाजे १५ वर्षं, ओळीतलं अंतर मोजून कळलं, प्रतिमेत सदाहरितासारखं, पानं झडतात का ते कोरड्या ऋतूत पुन्हा पाहावं.' पुढच्या वर्षी पाहिलं. कोरड्या ऋतूत ते दोन-तीन आठवडे पूर्ण निष्पर्ण होतं, आणि तेवढ्या तीन आठवड्यांच्या प्रतिमा मिळाल्यावर त्या भागातली बाकीची रबराची लागवडही जंगलापासून वेगळी काढता आली.